चंद्रतालचा मुक्काम

प्रस्तावना

प्रवासाला निघण्यापूर्वी आभाळाकडे पाहण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. पेरणी असो, पंढरीची वारी असो वा समुद्रात लोटायची होडी असो, माणूस आधी वाऱ्याचा आणि ढगांचा कल पाहतो, मग पाऊल उचलतो. मैदानी प्रदेशात हा अंदाज चुकला तर प्रवासी भिजतो, फार तर त्याची गाडी चुकते. चार हजार मीटरांहून अधिक उंचीवर मात्र तीच चूक जिवावर बेतू शकते. तेथे हवा विरळ असते, थंडी अचानक वाढते आणि एकुलता एक रस्ता काही तासांत बंद होतो.

हिमाचल प्रदेशातील चंद्रताल हे असेच एक उंचावरचे, निवांत ठिकाण आहे. तेथे तंबूत एक रात्र काढायची असेल, तर हवामान कसे समजून घ्यावे आणि प्रवासाची आखणी कशी करावी, याचा विचार या पाठात केला आहे.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हाला पुढील गोष्टी करता येतील :
• उंचीचा तापमानावर, हवेच्या दाबावर आणि शरीरावर होणारा परिणाम सांगणे;
• हवामानाचा अंदाज उंचीचा विचार करून वाचणे;
• टप्प्याटप्प्याने उंची गाठणारा प्रवास आखणे;
• पुढे जावे की थांबावे, याचा निर्णय कारणांसह मांडणे;
• विध्यर्थी आणि संकेतार्थी वाक्यरचना ओळखणे व वापरणे.

मूळ पाठ

१. चंद्रकोरीचे तळे

लाहौल-स्पिती जिल्ह्यात, समुद्रसपाटीपासून सुमारे ४,३०० मीटर उंचीवर, उघड्या डोंगरांच्या कुशीत चंद्रताल पसरले आहे. त्याचा आकार चंद्रकोरीसारखा आहे, म्हणून हे नाव. महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटर उंच आहे; चंद्रतालचा काठ त्याच्या अडीच पटींहून अधिक उंचीवर आहे. या तळ्याचे पाणी चंद्रा नदीला मिळते. पुढे तांदी येथे चंद्रा आणि भागा या नद्यांचा संगम होतो व ‘चंद्रभागा’ जन्माला येते. तीच पुढे चिनाब म्हणून ओळखली जाते. पंढरपूरला चंद्रकोरीसारखे वळण घेणाऱ्या भीमेलाही मराठी माणूस चंद्रभागाच म्हणतो. दोन नद्या एकमेकींपासून खूप दूर आहेत; पण नाव एकच आहे.

चंद्रतालच्या परिसरात वृक्ष नाहीत. उन्हाळ्यात खुरटे गवत आणि रानफुले उगवतात. मेंढपाळ आपले कळप घेऊन चंद्रेच्या खोऱ्यात चढतात आणि थंडीची चाहूल लागताच उतरतात. २००५ साली या तळ्याचा समावेश रामसर करारानुसार आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांमध्ये झाला. तळ्याच्या काठावर तंबू ठोकण्यास मनाई आहे. तंबूंच्या छावण्या काही किलोमीटर अलीकडे असतात आणि तळ्यापर्यंतचा शेवटचा टप्पा पायी चालावा लागतो. म्हणूनच तेथे आजही पाण्याचा आणि वाऱ्याचाच आवाज ऐकू येतो.

या ठिकाणी पोहोचण्याचे मुख्य मार्ग दोन. पहिला मनालीहून निघतो. ३ ऑक्टोबर २०२० रोजी खुला झालेला सुमारे नऊ किलोमीटर लांबीचा अटल बोगदा ओलांडून तो लाहौलमध्ये उतरतो. मग कोकसर, ग्रांफू, छतडू आणि बातल अशी वाट आहे. बातलपासून चंद्रताल सुमारे चौदा किलोमीटर. हा मार्ग जवळचा, पण खडकाळ आणि ओढ्यांनी कापलेला. दुसरा मार्ग शिमल्याहून किन्नौर, ताबो आणि काझा असा येतो व सुमारे ४,५५० मीटर उंचीची कुंझुम खिंड ओलांडून चंद्रेच्या खोऱ्यात उतरतो. हा मार्ग लांबचा आहे. परंतु तो शरीराला सवड देतो. ही सवड किती मोलाची, हे पुढे दिसेल.

२. दोन हवामानांच्या मधला प्रदेश

कुलू-मनालीचे खोरे आणि लाहौल-स्पिती यांच्यामध्ये पीरपंजाल पर्वतरांग उभी आहे. नैऋत्येकडून येणारे मोसमी ढग या रांगेच्या अलीकडे पाऊस सांडतात. पलीकडे पोहोचेपर्यंत त्यांच्यात फारसे पाणी उरत नाही. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर धो धो पाऊस आणि थोडे पूर्वेला माणदेश कोरडा, हे दृश्य मराठी वाचकांच्या ओळखीचे आहे. लाहौल-स्पितीही असाच पर्जन्यछायेचा प्रदेश आहे. तेथे पाऊस थोडा पडतो. पण हिवाळ्यात बर्फ भरपूर पडते. भूमध्य समुद्राच्या बाजूने येणाऱ्या कमी दाबाच्या प्रणाली ते आणतात. त्यांना ‘पश्चिमी विक्षोभ’ म्हणतात.

यातून प्रवाशाने दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. पहिली, तळ्यावर स्वच्छ ऊन असले तरी तेथे जाण्याचा रस्ता पावसाच्या प्रदेशातून जातो. जुलै आणि ऑगस्ट महिन्यांत कुलू, मंडी आणि किन्नौर भागात दरडी कोसळतात. त्यामुळे मुक्काम सुरक्षित असूनही वाट असुरक्षित ठरू शकते. दुसरी, पश्चिमी विक्षोभ मुख्यतः हिवाळ्यातले असले, तरी ते इतर महिन्यांत अजिबात येत नाहीत असे नाही. असा विक्षोभ आणि मोसमी वारे एकत्र आले, तर खाली मुसळधार पाऊस आणि वर अवेळी बर्फ पडते.

चंद्रतालचा रस्ता सामान्यतः जूनमध्ये बर्फ हटवल्यावर खुला होतो आणि शरद ऋतूतील पहिल्या मोठ्या बर्फवृष्टीबरोबर बंद होतो. जूनच्या अखेरीस डोंगरांवर बर्फ शिल्लक असते आणि ओढ्यांना पाणी अधिक असते. सप्टेंबरमध्ये पाऊस ओसरतो, आकाश निवळते, पण रात्री पाणी गोठू लागते आणि महिनाअखेरीस बर्फाची शक्यता वाढते. निर्धोक असा एकही महिना नाही. प्रत्येक महिन्याची जोखीम वेगळी आहे, इतकेच.

३. उंची आणि थंडी

समुद्रसपाटीपासून वर जाताना तापमान सरासरीने दर हजार मीटरला सुमारे साडेसहा अंश सेल्सिअसने उतरते. हा साधा नियम प्रवाशाच्या फार उपयोगाचा आहे. समजा, मनालीत रात्रीचे तापमान १२ अंश आहे. मनाली सुमारे २,०५० मीटर उंचीवर आहे. चंद्रताल तेथून २,२५० मीटर वर. २.२५ ला ६.५ ने गुणले तर १४.६ येतात. म्हणजे मनालीतील गुलाबी थंडीच्या रात्री चंद्रतालला पारा शून्याखाली दोन-तीन अंश गेलेला असू शकतो. हा अर्थात केवळ अंदाज आहे. कोरडी हवा आणि निरभ्र आकाश असेल, तर जमिनीतील उष्णता झपाट्याने निघून जाते आणि थंडी आणखी वाढते. त्यात वारा असेल, तर अंगाला जाणवणारी थंडी पाऱ्यावरील आकड्यापेक्षा तीव्र असते.

दिवसा याच्या उलट अनुभव येतो. विरळ हवेतून ऊन थेट भाजते. दर हजार मीटरला अतिनील किरणांची तीव्रता सुमारे दहा टक्क्यांनी वाढते आणि बर्फावरून परतणारे किरण त्यात भर घालतात. एकाच दिवशी चेहरा उन्हाने सोलवटतो आणि रात्री बोटे बधिर होतात. म्हणून एकच जाड कपडा नेण्यापेक्षा थरांचे कपडे न्यावेत : आत घाम न धरणारा, मध्ये लोकरीचा, बाहेर वारा व पाणी अडवणारा. सुती कपडा भिजला की लवकर वाळत नाही आणि अंगातील ऊब ओढून घेतो.

पाठगत प्रश्न १

(अ) रिकाम्या जागा भरा.
१. चंद्रा व भागा या नद्यांचा संगम ______ येथे होतो.
२. लाहौल-स्पिती हा ______ प्रदेश आहे.
३. दर हजार मीटरला तापमान सुमारे ______ अंश सेल्सिअसने उतरते.
(आ) एका वाक्यात उत्तर लिहा.
४. चंद्रतालला स्वच्छ ऊन असतानाही प्रवास असुरक्षित का ठरू शकतो?
५. काझा येथे (उंची सुमारे ३,७०० मीटर) तापमान १४ अंश असेल, तर त्याच वेळी चंद्रतालला ते अंदाजे किती असेल?

४. विरळ हवा

हवेतील प्राणवायूचे प्रमाण सगळीकडे सारखेच, म्हणजे सुमारे एकवीस टक्के असते. उंचीवर बदलतो तो हवेचा दाब. ४,३०० मीटरांवर हा दाब समुद्रसपाटीच्या तुलनेत सुमारे साठ टक्केच उरतो. त्यामुळे प्रत्येक श्वासात प्राणवायू कमी मिळतो. कमी दाबामुळे पाणीदेखील शंभर अंशांऐवजी पंचाऐंशी-शहाऐंशी अंशांवरच उकळू लागते. मग डाळ कितीही वेळ रटरटली तरी शिजत नाही. तेथे प्रेशर कुकर ही चैन नसून गरज आहे.

डाळीला कुकर मिळतो. शरीराला मात्र वेळच द्यावा लागतो. काही दिवसांत श्वास खोल होतो, रक्तात आवश्यक बदल घडतात आणि शरीर विरळ हवेशी जुळवून घेते. ही सवड न देता माणूस एकदम वर गेला, तर साधारण सहा ते बारा तासांत डोकेदुखी, मळमळ, थकवा, भूक मंदावणे, झोप न लागणे अशी लक्षणे दिसू लागतात. हा उंचीचा त्रास तरुण-वृद्ध, सशक्त-अशक्त असा भेद करीत नाही. दररोज व्यायाम करणाऱ्यालाही तो होतो. किंबहुना असा माणूस त्रास लपवून चालत राहतो, हा अधिक धोका.

याविषयीचे नियम थोडे आणि स्पष्ट आहेत. तीन हजार मीटरांच्या वर गेल्यावर रात्रीच्या मुक्कामाची उंची एका दिवसात पाचशे मीटरांहून अधिक वाढवू नये. दर हजार मीटरांनंतर एक दिवस त्याच उंचीवर थांबावे. लक्षणे असताना आणखी वर जाऊ नये. स्वस्थ बसले असताही धाप लागत असेल, चालताना तोल जात असेल किंवा बोलणे असंबद्ध होत असेल, तर तो फुप्फुसात वा मेंदूत पाणी साठण्याचा इशारा असू शकतो. अशा वेळी सकाळची वाट न पाहता रुग्णाला ताबडतोब खाली न्यावे आणि वैद्यकीय मदत मिळवावी. खाली उतरणे हाच यावरील मुख्य उपाय आहे. हृदयाचा वा फुप्फुसाचा विकार असलेल्यांनी आणि गर्भवती स्त्रियांनी प्रवास ठरवण्यापूर्वीच डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

५. अंदाज वाचण्याची रीत

भारतीय हवामान विभागाची स्थापना १८७५ साली झाली. त्याचे मुख्यालय कोलकात्याहून १९०५ मध्ये शिमल्याला, १९२८ मध्ये पुण्याला आणि १९४४ मध्ये दिल्लीला गेले. शिमल्याहून आलेले कार्यालय म्हणून पुण्यातील त्या वास्तूला लोक आजही ‘सिमला ऑफिस’ म्हणतात. हाच विभाग आज जिल्हावार इशारे देतो आणि त्यासाठी चार रंग वापरतो. हिरवा म्हणजे चिंतेचे कारण नाही. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. नारिंगी म्हणजे सज्ज राहा. लाल म्हणजे तातडीने कृती करा.

अंदाज वाचताना प्रवाशाने स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. हा अंदाज कोणत्या जागेचा आहे? तो किती दिवसांपुढचा आहे? आणि त्या जागेची उंची किती? शहरासाठी दिलेला अंदाज खिंडीला जसाच्या तसा लागू पडत नाही. खाली ‘हलका पाऊस’ असेल तेव्हा वर बर्फ पडू शकते. उद्याचा अंदाज जितका भरवशाचा, तितका आठवड्यानंतरचा नसतो. म्हणून घरून निघताना पाहिलेला अंदाज हा आरंभ समजावा. शेवटचा अंदाज मोबाइल चालतो त्या शेवटच्या गावी पाहावा. केवळ चंद्रतालच्या जिल्ह्याचा नव्हे, तर वाटेतील प्रत्येक जिल्ह्याचा इशारा वाचावा.

मुक्कामी पोहोचल्यावर डोळेच हवामानशाळा होतात. उंच, विरळ, पिसांसारखे ढग हळूहळू दाट होऊ लागले, सूर्याभोवती वा चंद्राभोवती खळे पडले, वाऱ्याची दिशा बदलली, की हवा पालटण्याची शक्यता मानावी. प्रवाशाजवळ दाबावर चालणारा उंचीमापक असेल, तर त्याचाही उपयोग होतो. तंबू जागचा हलला नसताना उंचीमापक अधिक उंची दाखवू लागला, तर हवेचा दाब उतरत आहे आणि वादळी हवा जवळ येत आहे, असे समजावे.

ओढ्यांचेही एक वेळापत्रक असते. दिवसभराच्या उन्हाने बर्फ वितळते, त्यामुळे दुपारनंतर ओढ्यांचे पाणी वाढते. रात्रीच्या थंडीने वितळणे मंदावते आणि पहाटे पाणी सर्वांत कमी असते. सकाळी सहज ओलांडलेला ओढा सायंकाळी गाडी अडवतो. म्हणून या मार्गावर पहाटे निघावे आणि दुपारपूर्वी ओढे मागे टाकावेत.

६. प्रवासाची आखणी

समजा, चौघांच्या एका गटाला सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात चंद्रतालला एक रात्र राहायचे आहे. त्यांच्यापुढे दोन पर्याय आहेत. मनालीहून एका दिवसात जायचे, म्हणजे मुक्कामाची उंची एका झेपेत २,२५० मीटरांनी वाढवायची. दिवस वाचतील, पण शरीराला सवड मिळणार नाही. दुसरा पर्याय पुढीलप्रमाणे :

दिवस १ – शिमला (सुमारे २,२०० मीटर)
दिवस २ – सराहन (जवळपास तीच उंची)
दिवस ३ – कल्पा (सुमारे २,९०० मीटर)
दिवस ४ – ताबो (सुमारे ३,२८० मीटर)
दिवस ५ – काझा (सुमारे ३,७०० मीटर)
दिवस ६ – काझा येथेच विश्रांती
दिवस ७ – लोसर (सुमारे ४,०८० मीटर)
दिवस ८ – कुंझुम खिंड ओलांडून चंद्रताल (सुमारे ४,३०० मीटर)
दिवस ९ – बातलमार्गे मनाली
दिवस १० – राखीव दिवस

या तक्त्यात तीन हजार मीटरांच्या वर कोणत्याही रात्री पाचशे मीटरांहून अधिक चढ नाही. सहाव्या दिवशी काझ्याला काहीच ‘पाहायचे’ नाही असे वाटेल. पण त्या दिवशी शरीर आपले काम करीत असते. दहावा दिवसही रिकामाच दिसतो, आणि पैशांची व रजेची गणिते जुळवताना हाच दिवस सर्वांत आधी कापला जातो. परतीच्या रेल्वेचे तिकीट नवव्या रात्रीचे काढलेले असले, की नवव्या सकाळी आभाळ काळवंडले तरी माणूस निघतो, कारण त्याला गाडी गाठायची असते. राखीव दिवस नसेल, तर निर्णय आभाळ पाहून होत नाही, तिकीट पाहून होतो. म्हणून राखीव दिवस ही उधळपट्टी नव्हे; ती प्रवासातील सर्वांत स्वस्त सुरक्षितता आहे.

इतर तयारी थोडक्यात अशी. मुक्कामाच्या दिवसांपेक्षा दोन दिवस अधिक पुरेल एवढा शिधा सोबत असावा. गाडीची इंधनटाकी भरलेली असावी आणि जादा चाक तपासलेले असावे. बातलच्या परिसरात मोबाइलवर भरवसा ठेवू नये. म्हणून प्रवासाचा मार्ग, मुक्काम आणि परतण्याची अंतिम वेळ घरी कोणाला तरी लिहून द्यावी. विजेरी, नित्याची औषधे, काळा चष्मा, कानटोपी, हातमोजे आणि कोरड्या मोज्यांचे दोन जोड प्रत्येकाजवळ स्वतंत्र असावेत.

पाठगत प्रश्न २

योग्य पर्याय निवडा.
१. उंचीवर डाळ लवकर शिजत नाही, कारण –
(क) पाणी गोठलेले असते (ख) पाणी कमी तापमानाला उकळते (ग) प्राणवायूचे प्रमाण शून्य होते
२. हवामान विभागाचा नारिंगी इशारा म्हणजे –
(क) लक्ष ठेवा (ख) सज्ज राहा (ग) चिंता नाही
३. ओढा ओलांडण्यास योग्य वेळ –
(क) पहाट (ख) दुपार (ग) सायंकाळ
४. सहाव्या दिवशी गट काझ्याला थांबतो, कारण –
(क) रस्ता बंद असतो (ख) शरीराला उंचीची सवय व्हावी (ग) इंधन संपलेले असते

७. तंबूतील रात्र

तंबूची जागा दिवसाउजेडी निवडावी. कोरड्या ओढ्याचे सपाट पात्र मऊ आणि मोहक दिसते. पण वर कोठे पाऊस झाला तर तेथून पाणी धावते. कड्याच्या पायथ्याशी ताजे दगड पडलेले असतील, तर तीही जागा टाळावी. थंड हवा जड असते आणि रात्री खोलगट भागात साचते, म्हणून खळग्यापेक्षा किंचित उंचवटा बरा. तंबूची निमुळती बाजू वाऱ्याकडे असावी आणि दोर पक्के ताणलेले असावेत. बर्फ पडू लागले, तर रात्री उठून तंबूवरचे बर्फ झाडावे; त्याच्या भाराने तंबू बसतो.

एक नियम मात्र अपवाद न करता पाळावा. बंद तंबूत शेगडी, कोळसा वा स्टोव्ह कधीही पेटता ठेवू नये. अपुऱ्या हवेत जळणाऱ्या इंधनातून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. झोपलेल्या माणसाला तो जागे होण्याची संधी देत नाही. उबेसाठी कोरडे कपडे, गरम जेवण, कोमट पाणी आणि चांगली स्लीपिंग बॅग यांवरच विसंबावे. मद्यपान आणि झोपेच्या गोळ्या टाळाव्यात.

८. परत फिरण्याचे शहाणपण

जुलै २०२३ मध्ये हिमाचल प्रदेशात अतिवृष्टी झाली. पश्चिमी विक्षोभ आणि मोसमी वारे एकत्र आले होते. बियास नदीला पूर आला, महामार्ग खचले आणि उंचावर, ऐन पर्यटनाच्या दिवसांत, बर्फ पडले. कुंझुम खिंडीचा रस्ता बर्फाखाली गेला. चंद्रतालच्या छावणीत अडीचशेहून अधिक पर्यटक अडकले. काही आजारी व वयस्क व्यक्तींना हेलिकॉप्टरने हलवावे लागले; उरलेल्यांना थांबून मदतीची वाट पाहावी लागली. रस्त्यावरचे बर्फ हटवीत पथके तेथवर पोहोचली आणि १३ जुलै रोजी सर्वांची सुटका पूर्ण झाली.

त्या पर्यटकांनी हंगाम चुकवला नव्हता. ते योग्य महिन्यात आले होते. या घटनेतून शिकायचे ते हे, की हंगाम हा केवळ सरासरीचा हिशेब आहे. प्रवासाचा दिवस मात्र सरासरी नसतो. तो एकच असतो. म्हणून त्या एका दिवसाचा निर्णय त्या दिवशीच्या खुणा पाहून घ्यावा लागतो.

वरील उदाहरणातील गटाकडे पुन्हा वळू. आठव्या दिवशी पहाटे गट लोसरला आहे. आता त्याने तिघांना विचारावे : आभाळाला, रस्त्याला आणि शरीराला. लाहौल-स्पितीसाठी नारिंगी वा लाल इशारा आहे काय? खिंडीकडून आलेले चालक आणि गावकरी रस्त्याविषयी काय सांगतात? रात्री कोणाचे डोके दुखले, कोणाला उलटी झाली? या तिघांपैकी एकाचा जरी नकार आला, तरी त्या दिवशी वर जाऊ नये. दोन होकार एका नकाराला खोडत नाहीत.

समजा, आभाळ निरभ्र आहे, रस्ता खुला आहे. पण गटातील एकाला रात्रभर डोकेदुखी आणि मळमळ होती. तो म्हणतो, ‘माझ्यासाठी कोणी थांबू नका.’ येथेच खरी परीक्षा असते. त्याला एकट्याला मागे ठेवणे योग्य नाही आणि वर नेणे तर मुळीच नाही. गटाने त्या दिवशी लोसरलाच विश्रांती घ्यावी. बरे वाटले तर दुसऱ्या दिवशी जावे. राखीव दिवस त्यासाठीच आहे. त्रास वाढला तर सर्वांनी काझ्याकडे उतरावे, तेथे दवाखानाही आहे. तळे पाहायचे राहून जाईल, आगाऊ भरलेले पैसे कदाचित बुडतील. पण चौघेही घरी परततील. असा निर्णय प्रवास आखतानाच एकमताने ठरवून ठेवला, तर आयत्या वेळी कोणाला संकोच वाटत नाही आणि कोणावर दोष येत नाही.

९. शांततेचे ऋण

सर्व काही जुळून आले आणि मुक्काम घडला, तर प्रवाशाचेही काही कर्तव्य उरते. थंड, कोरड्या प्रदेशात कचरा कुजण्यास फार काळ लागतो. तेथे नेलेली प्रत्येक पिशवी आणि बाटली परत आणावी. तळ्यात साबण वापरू नये, भांडी धुऊ नयेत. ध्वनिवर्धक तर सोबतच नेऊ नये. सूर्य मावळला की वारा पडतो आणि तळ्यात डोंगर उतरतात. ज्या शांततेसाठी इतक्या दूर यायचे, ती पुढच्या प्रवाशासाठी तशीच ठेवून निघणे, हीच त्या मुक्कामाची परतफेड होय.

शब्दार्थ

खिंड – दोन डोंगरांमधील वाट
पर्जन्यछाया – पर्वतामुळे पाऊस कमी पडणारी बाजू
विक्षोभ – खळबळ. येथे वादळी हवामानाची प्रणाली
खळे – सूर्य वा चंद्राभोवती दिसणारे तेजाचे कडे
शिधा – स्वयंपाकाचे कोरडे साहित्य
सवड – मोकळा वेळ, अवकाश
जिवावर बेतणे – प्राणावर संकट येणे
पाणथळ – पाणी साचून राहणारी (जागा)

भाषा-अभ्यास

पुढील वाक्ये वाचा.
(१) तंबूची जागा दिवसाउजेडी निवडावी.
(२) राखीव दिवस असता, तर गट थांबला असता.

पहिल्या वाक्यातील ‘निवडावी’ या क्रियापदातून कर्तव्य वा उपदेश व्यक्त होतो. अशा क्रियापदाला विध्यर्थी क्रियापद म्हणतात. दुसऱ्या वाक्यात एक गोष्ट घडली असती तर दुसरी घडली असती, असा संकेत आहे. अशा रचनेला संकेतार्थ म्हणतात. सूचना देताना विध्यर्थाचा उपयोग होतो. एखाद्या प्रसंगातून काय शिकायचे, हे सांगताना संकेतार्थ उपयोगी पडतो. पाठातून विध्यर्थी क्रियापदे असलेली पाच वाक्ये शोधून लिहा.

तुम्ही काय शिकलात?

• लाहौल-स्पिती पर्जन्यछायेत असला, तरी तेथे अवेळी बर्फ पडू शकते आणि तेथे जाणाऱ्या वाटा पावसाच्या प्रदेशातून जातात.
• उंचीबरोबर तापमान आणि हवेचा दाब कमी होतो. शरीराला जुळवून घेण्यास वेळ लागतो.
• अंदाज वाचताना जागा, कालावधी आणि उंची या तिन्हींचा विचार करावा.
• राखीव दिवस आणि परत फिरण्याचा आधीच ठरवलेला नियम यांशिवाय आखणी पूर्ण होत नाही.

पाठान्त प्रश्न

१. ‘निर्धोक असा एकही महिना नाही, प्रत्येक महिन्याची जोखीम वेगळी आहे.’ हे विधान पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
२. मनालीहून थेट चंद्रतालला जाणे आणि शिमला-काझामार्गे जाणे, या दोन पर्यायांची तुलना करा.
३. राखीव दिवस नसेल तर निर्णय ‘तिकीट पाहून होतो’, असे पाठात का म्हटले आहे? तुमच्या अनुभवातील एखादे उदाहरण द्या.
४. लोसर येथे गटातील सोबती ‘माझ्यासाठी कोणी थांबू नका’ असे म्हणतो. त्याला समजावणारा आठ-दहा ओळींचा संवाद लिहा.
५. कृती : तुमच्या गावाजवळील एखाद्या डोंगराची उंची मिळवा. गावातील आजच्या तापमानावरून त्या डोंगरमाथ्यावरील तापमानाचा अंदाज काढा आणि तेथील एका दिवसाच्या सहलीची आखणी करा. ‘परत फिरण्याचा नियम’ या मथळ्याखाली तीन वाक्ये अवश्य लिहा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

पाठगत प्रश्न १ : (१) तांदी (२) पर्जन्यछायेचा (३) साडेसहा (४) तेथे जाणारा रस्ता पावसाच्या व दरडी कोसळणाऱ्या प्रदेशातून जातो, म्हणून. (५) सुमारे १० अंश सेल्सिअस

पाठगत प्रश्न २ : (१) ख (२) ख (३) क (४) ख